सहा वर, तीन खाली: कमी पैशांत वर्षभर पुरतील असे कपडे

(या भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेले 'म्हणजे', 'अं' आणि मागे वाजलेली कुकरची शिट्टी काढून टाकलीये, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.)

आजचा भाग एका श्रोत्याच्या मेसेजवरून सुरू करते. लातूरकडचा मुलगा आहे, पुण्यात पहिली नोकरी, ऑफिस हिंजवडीत. तो लिहितो, "कपड्यांसाठी आठ हजार बाजूला काढलेत. त्याच्या वर सांगू नका, घरी दर महिन्याला पैसे पाठवायचेत. ऑफिस, शनिवार-रविवार, गावाकडची लग्नं, सगळं यातच बसवायचंय. आणि पहिल्या दिवशी मी वेगळा दिसायला नको."

शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. कपड्यांवर बोलणं म्हणजे उथळपणा असं आपल्याकडे पटकन म्हटलं जातं. पण नव्या शहरात, नव्या लोकांत उभं राहताना अंगावरच्या शर्टाची लाज वाटली तर माणूस मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही. आणि ती लाज घालवायला क्रेडिट कार्ड घासलं, तर पुढचे चार महिने हप्ते भरण्यात जातात. म्हणून आज नीट हिशोबाने बोलू.

तुम्ही हा विषय सर्च केलात तर 'कॅप्सूल वॉर्डरोब' हा शब्द लगेच समोर येईल. १९७० च्या दशकात लंडनमध्ये सूझी फॉ नावाच्या बाईंचं कपड्यांचं दुकान होतं, त्यांनी ही कल्पना मांडली: मोजके, टिकाऊ, एकमेकांबरोबर जमणारे कपडे. पुढे १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डोना कॅरन यांनी नोकरी करणाऱ्या बायकांसाठी सात कपड्यांचा संच काढला आणि कल्पना जगभर गेली. कल्पना उत्तमच आहे. पण तिची यादी तिकडच्या हवेची आहे. ट्रेंच कोट, लोकरीचा स्वेटर, बदामी रंगाची पँट. पीएमपीच्या बसमधून उतरून जुलैच्या चिखलात बदामी पँट घालून चालून दाखवा, मग बोलू.

आधी वाळणं, मग फॅशन

आपल्याकडे किती कपडे लागतात हे फॅशन ठरवत नाही, दोरी ठरवते. कपडे वाळत घालायची दोरी.

बघा, आपल्या हवेत वरचा कपडा, म्हणजे शर्ट, टीशर्ट, कुर्ता, एकदा घातला की धुवायलाच लागतो. समजा तुम्ही शनिवारी सकाळी आठवड्याचं धुणं काढता. सोमवार ते शुक्रवारचे पाच शर्ट धुतले. उन्हाळ्यात ते दुपारपर्यंत कडक वाळतील. पण पावसाळ्यात, खोलीत दोरी बांधून, पंख्याखाली, ते कधी कधी सोमवारी संध्याकाळी वाळतात. म्हणजे सोमवारी सकाळी घालायला एक सहावा हवा. मंगळवारपासून बाकीचे तयार. पुढच्या शनिवारी परत पाच धुवायला, एक कपाटात. चक्र चालू राहतं.

म्हणून वरचे सहा. यात ऑफिसचा आठवडा निभतो आणि शनिवार-रविवारी घरात जुनं काहीही घाला, कोण बघतंय. जे आठवड्यातून दोनदा धुतात त्यांचं पाचातही भागेल. पँट किंवा जीन्स तीन-चार वेळा घालता येते, म्हणून खालचे तीन पुरतात. दोन वापरात, एक धुण्यात.

सहा वर, तीन खाली. हा झाला पाया.

गुणाकार, पण अट आहे

सहा गुणिले तीन म्हणजे अठरा जोड्या. ऐकायला भारी वाटतं. पण हा गुणाकार एकाच अटीवर चालतो: प्रत्येक वरचा प्रत्येक खालच्यावर जमला पाहिजे. समजा तुमच्याकडच्या तीन पँटींपैकी एक मोहरी रंगाची आहे आणि ती फक्त एका पांढऱ्या शर्टावर बरी दिसते. झालं, अठराच्या तेरा झाल्या. पैसे तुम्ही पूर्ण पँटचे दिलेत, हातात आली एक जोडी. आमच्या कामात याला कम्पॅटिबिलिटी म्हणतात. आमच्याकडेही लोक आधी इन्स्टॉल करतात आणि मग तपासतात.

म्हणून दुकानात नवी वस्तू हातात घेतली की "मला आवडली का" याच्याबरोबर दुसरा प्रश्न विचारायचा: माझ्याकडे आत्ता असलेल्यांपैकी कितींवर ही चालेल? तीनपेक्षा कमी उत्तर आलं तर परत ठेवा. मग ती कितीही स्वस्त असो.

अजून एक गंमत. सहा-तीनच्या संचात एक शर्ट वाढवलात तर तीन जोड्या वाढतात. एक पँट वाढवलीत तर सहा. म्हणजे गणित म्हणतं, पँट घ्या. पण माणसं गणितासारखं बघत नाहीत. समोरच्याचं लक्ष चेहऱ्याकडे, म्हणजे वरच्या कपड्याकडे असतं. तुमची काल पँट कोणती होती हे कुणालाही आठवत नाही, आणि व्हिडिओ कॉलवर तर ती दिसतच नाही. त्यामुळे माझं मत असं: खालचे तिन्ही शांत आणि गडद ठेवा, त्यावर जरा जास्त पैसे घाला, आणि रंगाची हौस वर भागवा.

रंगांसाठी मराठीत एक फार उपयोगी शब्द आहे: मळखाऊ. आपल्या आज्यांनी शाळेचं दप्तर घेताना वापरलेला. खालचे कपडे मळखाऊ हवेत. गडद निळा, राखाडी, मेंदी, फार तर गडद तपकिरी. काळा चालेल, पण काळा सुती कपडा उन्हात वाळवला की चारच महिन्यांत विटतो, आणि विटलेला काळा सगळ्यात दीनवाणा दिसतो. वर आकाशी, पांढरा, फिकट गुलाबी, आमसुली, मोरपंखी, तुमच्या रंगाला खुलेल ते. फक्त सहाच्या सहा चट्ट्यापट्ट्यांचे किंवा मोठ्या नक्षीचे घेऊ नका. नक्षीवाला शर्ट लोकांच्या लक्षात राहतो. साधा आकाशी शर्ट आठवड्यातून दोनदा घातला तरी कुणाला पत्ता लागत नाही.

कपाटातलं आधी बाहेर काढा

हे पटकन सांगते. खरेदीच्या आधी असलेले सगळे कपडे पलंगावर टाका. जे बसत नाही, उसवलंय, फाटलंय ते वेगळं. उरलेल्याची घडी एकावर एक ठेवा आणि एक नियम पाळा: धुऊन आलेला कपडा नेहमी सगळ्यात वर ठेवायचा. महिन्याभराने तळाला जे बसलंय ते तुम्ही घालत नाही. ते आवडत असलं तरी घालत नाही. धाकट्या भावाला द्या, बोहारणीला द्या, नाहीतर पुसायला घ्या.

बहुतेकांकडे या ढिगाऱ्यात दोन-तीन कामाच्या वस्तू निघतातच. तेवढे पैसे वाचले.

कापड वाचायला शिका

ब्रँड बघून क्वालिटी कळते हा गैरसमज आहे. कळते ती उलट्या बाजूने. कपडा आतून बाहेर करा आणि शिवण बघा. एका इंचात दहा-बारा टाके असतील तर शिवण टिकेल, सहा-सात मोठे मोठे टाके असतील तर पहिल्या ताणाला उसवेल. शिवणीच्या कडेला किती कापड सोडलंय ते बघा. याला आपल्याकडे शिंपी 'माया' म्हणतात. किती सुंदर शब्द आहे ना? माया असेल तर उद्या तुमचं वजन वाढलं तरी कपडा उसवून सैल करता येतो. माया नसेल तर तो कपडा तुम्हाला माफ करत नाही. पँटच्या मागच्या मधल्या शिवणीत आणि पायाच्या दुमडीत माया हवीच.

मग कापड उजेडासमोर धरा. बनियन आरपार दिसेल असं वाटलं तर सोडून द्या. टीशर्टवर हल्ली जीएसएम लिहिलेलं असतं, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. १४० च्या आसपासचा टीशर्ट पातळ, लवकर लोंबतो. १८० चा आपल्या हवेला चांगला. २२० च्या वर गेलात की अंगात भरदार दिसतो खरा, पण मे महिन्यात घाम काढतो आणि पावसात वाळत नाही.

सुती की पॉलिस्टर? कोरड्या वाटणाऱ्या सुती कापडातही वजनाच्या साधारण ८ टक्के ओलावा मुरलेला असतो, पॉलिस्टरमध्ये अर्धा टक्काही नाही. म्हणजे सूत घाम पितं, पॉलिस्टर घाम अंगावरच ठेवतं. म्हणून शर्ट, टीशर्ट, कुर्ता शक्यतो सुती घ्या, किंवा निदान सूत जास्त असलेलं मिश्रण. पण पँटला मात्र मी उलट सांगेन. पॉलिस्टर-व्हिस्कोसची फॉर्मल पँट चुरगळत नाही, लवकर वाळते, इस्त्री टिकते. जीन्समध्ये थोडं, म्हणजे १-२ टक्के इलॅस्टेन असलं तर बसायला-उठायला बरं. त्याहून बरंच जास्त असेल तर गुडघ्यावर पिशव्या पडतात.

लेबल नसेल आणि दुकानदार "शंभर टक्के कॉटन, ताई" म्हणत असेल तर घरी आल्यावर आतल्या कडेचा एक दोरा काढून चिमट्यात धरून जाळा. सूत कागदासारखं जळतं, कागद जळल्याचाच वास, आणि राख बोटात चुरडते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला टणक मणी तयार होतो. पुढच्या वेळी त्या दुकानात जायचं की नाही ते त्या मण्यावरून ठरवा.

कुठून घ्यायचं

पुण्यात लक्ष्मी रोड, तुळशीबाग, कॅम्पातली फॅशन स्ट्रीट. मुंबईत आझाद मैदानासमोरची फॅशन स्ट्रीट, कापडासाठी मंगलदास मार्केट आणि दादरचं हिंदमाता. (हिंदमाता पावसात पाणी तुंबण्यासाठी जास्त प्रसिद्ध असलं तरी तिथे कापड चांगलं मिळतं.) जीन्ससाठी उल्हासनगर. एक्सपोर्ट सरप्लस म्हणून जे मिळतं त्यात खरंच चांगलं कापड हाताला लागतं, पण दोन्ही बाह्या सारख्या आहेत का, काजं आणि बटणं समोरासमोर येतात का, चेन नीट वर जाते का, हे तिथेच उभं राहून बघा. परत घेत नाहीत.

ऑनलाइनला 'फ्लॅट ७० टक्के' दिसलं की मूळ किंमत झाकून वाचायची. तुम्हाला द्यायचे पैसे किती, एवढाच आकडा खरा. 'अजून २०० चं घ्या, डिलिव्हरी फुकट' हे ४० रुपये वाचवायला २०० घालवणं आहे. आणि 'आत्ता घ्या, नंतर द्या' हे कपड्यांसाठी अजिबात नको. ते कर्जच आहे, हप्ता चुकला की दंड लागतो आणि क्रेडिट स्कोअरवरही उमटतं. उद्या बहिणीच्या शिक्षणासाठी कर्ज काढताना आजच्या जॅकेटमुळे अडायला नको. जीएसटीचंही सांगून टाकते: २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के आणि त्यावरच्याला थेट १८ टक्के. आपल्या बजेटमधलं सगळं ५ टक्क्यांतच येतं.

शिंपीकाकांशी मैत्री करा

या संपूर्ण भागातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. महाग दिसणारा कपडा म्हणजे बहुतेक वेळा अंगाला नीट बसलेला कपडा.

तयार कपडे सरासरी अंगासाठी शिवलेले असतात आणि सरासरी अंग कुणाचंच नसतं. म्हणून विकत घेताना फक्त तीच जागा बघायची जी नंतर बदलता येत नाही. शर्टाचा खांदा. खांद्याची शिवण बरोबर तुमच्या खांद्याच्या हाडावर आली पाहिजे. खांदा उतरला असेल तर तो दुरुस्त करणं म्हणजे अर्धा शर्ट परत शिवणं. कडेने सैल असेल, बाही लांब असेल, उंची जास्त असेल, तर काही काळजी नाही, टीप मारून अर्ध्या तासात होतं. पँटला तसंच: नितंबावर आणि मांडीत बसली पाहिजे. कंबर आणि उंची शिंपी बघेल. कॉलनीतल्या छोट्या दुकानात हे काम शर्टाच्या किमतीच्या मानाने किरकोळ पैशांत होतं, आणि ६०० चा शर्ट दोन हजारांच्या शर्टाशेजारी मान वर करून उभा राहतो.

कापड घेऊन शिवणार असाल तर पन्हा विचारा. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. ५८ इंच पन्ह्याचं असेल तर पूर्ण बाहीच्या शर्टाला साधारण १.६ मीटर लागतं, ३६ इंच असेल तर सव्वादोन ते अडीच. मध्यम बांध्याचा हिशोब आहे हा, उंच माणसाने जास्त घ्यावं. आणि सुती कापड शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. न आटवलेलं सूत पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटतं. २९ इंच उंचीच्या शर्टात ते जवळजवळ एक ते दीड इंच होतं, म्हणजे हात वर केला की बेंबी.

मुलींनो, कुर्ता शिवताना खिसा मागा. एवढंसं कापड लागतं. "बायकांच्या कुर्त्याला खिसा कशाला" असं कुणी म्हटलंच तर आपला मोबाईल त्यांच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, धरा.

लग्नं

बजेटची वाट लावणारी खरी जागा ही. रोजच्या कपड्यांना आपण घासाघीस करतो आणि चुलतभावाच्या लग्नासाठी चार हजारांची शेरवानी घेतो. ती एकदा घातली तर एका वेळेचे चार हजार. हजाराची पँट दोनशे वेळा घातली तर एका वेळेचे पाच रुपये. हा भागाकार डोक्यात ठेवा.

मुलांसाठी एक मोतिया किंवा पांढरा सुती झब्बा. जीन्सवर गणपतीला, पायजम्यावर लग्नाला, वरून मोठ्या भावाचं जॅकेट मागून घेतलं तर फोटोतसुद्धा उठून. फार भारी काही लागलंच तर भाड्याने मिळतं.

मुलींचं काम आपल्या आज्यांनीच करून ठेवलंय. साडीला साइज नसते. आईची, मावशीची, आत्याची, कुणाचीही साडी तुम्हाला होते. अडतं ते ब्लाउजपाशी. म्हणून साड्या घेण्याऐवजी तीन ब्लाउज नीट मापाचे शिवून घ्या: एक काळा, एक सोनेरी, एक गडद लाल. घरातल्या बहुतेक साड्या या तिघांपैकी एकावर जमतात. ब्लाउजला आत माया सोडायला सांगा, म्हणजे पाच वर्षांनीही तेच चालतील. ज्या साडीचा काठ चांगला पण अंग विरलंय तिचा कुर्ता किंवा ओढणी होते, पण आईला विचारून. हे विचारल्याशिवाय केलंत तर मला मेसेज करू नका.

आता आठ हजार

मित्रा, तू लिहिलंयस की एक चांगली जीन्स आणि दोन कॉलरचे टीशर्ट आहेत. मग तुझ्यासाठी असं: दोन पँट, गडद निळी आणि राखाडी, नऊशेच्या आसपास, म्हणजे १८००. तीन शर्ट ६५० चे, म्हणजे १९५०. झब्बा ७००. बूट १५००, काळे किंवा तपकिरी, साधे, ऑफिसला आणि लग्नाला दोन्हीकडे चालतील असे. पट्टा, मोजे आणि आतले कपडे ८००. शिंपीकाकांचे ४००. बेरीज ७१५०. उरलेले ८५० आत्ता खर्च करू नकोस. पावसाळ्याच्या तोंडावर रेनकोट लागेल.

मोज बघू: तीन शर्ट, दोन टीशर्ट, एक झब्बा म्हणजे वर सहा. दोन पँट, एक जीन्स म्हणजे खाली तीन.

आणि सगळं एकदम घेऊ नकोस. आधी एक पँट आणि दोन शर्ट घे, पहिला आठवडा ऑफिसात लोक काय घालतात ते बघ. कुठे रोज फॉर्मल लागतं, कुठे टीम लीडच चप्पल घालून येतो. मग उरलेलं ठरव. वेगळा दिसायची भीती आहे ना, तर खरं सांगते: लोकांच्या नजरेत येतो तो चुरगळलेला, ढगळ शर्ट. स्वस्त शर्ट येत नाही. रूमवर चौघांत मिळून एक इस्त्री घ्या.

मुलींसाठी हाच साचा: चार कुर्ते, दोन टॉप, आणि खाली एक जीन्स, एक सरळ पँट, एक पलाझो. एक ओढणी अशी घ्या की ती निदान तीन कुर्त्यांवर जाईल.

टिकवणं, थोडक्यात

रंगीत कपडे उलटे करून धुवा, उलटेच वाळत घाला, जमलं तर सावलीत. नवा गडद कपडा पहिल्या दोन-तीन वेळा वेगळा धुवा. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं सांगतात, पण हल्लीच्या तयार कपड्यांचा रंग त्याने पक्का होत नाही, वेगळं धुणं हाच उपाय. जीन्स दर वेळी धुऊ नका. इलॅस्टेन असलेल्या कपड्यांना कडक इस्त्री नको. सुती शर्टाला मात्र किंचित दमट असतानाच इस्त्री करा, अर्ध्या वेळात होते. आणि पावसाळ्यात "जवळजवळ वाळलाय" असा कपडा घडी करून कपाटात टाकू नका. बाहीचा काखेकडचा भाग आणि पँटचा कमरेचा पट्टा शेवटी वाळतो, तिथे हात लावून बघा. नाहीतर आठ दिवसांनी काळे ठिपके दिसतात आणि ते जात नाहीत.

बुटांवर बरेच प्रश्न आलेत, पुढचा भाग त्यावरच. तुमच्या गावातले चांगले शिंपी आणि कापडाची दुकानं माहिती असतील तर व्हॉइस नोट पाठवा, नागपूर, कोल्हापूर, गोवा, कुठलीही चालतील. भेटू पुढच्या गुरुवारी.